उधारीच्या बदल्यात व्हिसा घ्यावा का?

पत्र

आदरणीय वकीलताई,

आम्ही दोघे भाऊ निफाड तालुक्यात द्राक्ष निर्यातीची भागीदारी फर्म चालवतो. दुबईच्या एका व्यापाऱ्याशी तीन हंगाम चोख व्यवहार झाला. चौथ्या हंगामात, मार्चमध्ये, तीन कंटेनर पाठवले. एकूण 2,34,000 दिरहमचा माल. 30 टक्के आगाऊ आले, बाकीचे माल पोचल्यावर द्यायचे ठरले होते. ओळखीचा माणूस म्हणून कागद बँकेतून न पाठवता टेलेक्स रिलीज दिलं, म्हणजे मूळ कागदांशिवाय माल सोडायची मुभा. माल त्याने उतरवून घेतला. तीन आठवड्यांनी ईमेल आली की मणी गळाले, देठ काळे पडले, अर्ध्या किमतीत विकावं लागलं. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ‘दो महीने में क्लिअर करता हूँ’ असं दोनदा लिहिलं. आठ महिने झाले, 1,64,000 दिरहम, म्हणजे 38-39 लाख रुपये अडकले आहेत.

आता तो म्हणतो, रोख नाही, माझ्या कंपनीत तुमच्या मुलाला 20 टक्के भागीदार करतो, पार्टनर व्हिसाही काढून देतो, हिशेब मिटवू. मुलगा इंजिनिअर आहे, 24 वर्षांचा, त्याला दुबईची ओढ आहे. घरात दोन तट पडलेत. इथले वकील म्हणतात नाशिकला दावा टाका. मुंबईचा एक वसुलीवाला अडीच लाख आधी मागतोय, ‘माझी माणसं तिथे आहेत’ म्हणतो. काय करावं?

– एक निर्यातदार, निफाड तालुका

उत्तर

नमस्कार.

मुलाला त्या कंपनीत घालू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

त्या माणसाने तुमच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव नीट उलगडून बघा. येणं आहे तुमच्या फर्मचं, हिस्सा मिळणार मुलाला. दुबईत भागीदारीचा करारनामा नोंदवला जाईल, लायसन्सवर मुलाचं नाव चढेल, आणि त्यासोबत एका साध्या कागदावर तुमच्याकडून ‘हिशेब चुकता’ लिहून घेतलं जाईल. त्या सहीनंतर तुम्ही धनको उरत नाही. ज्या कंपनीकडे 1,64,000 दिरहम द्यायला नाहीत, तिचा पाचवा हिस्सा हाती येतो, आणि त्या हिश्श्याची किंमत किती हे तिचे हिशेब न बघता कोणीच सांगू शकत नाही. त्याने ताळेबंद दाखवलाय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

दुसरं, बँक. तुमच्या तिन्ही शिपिंग बिलांची नोंद तुमच्या बँकेकडे रिझर्व्ह बँकेच्या निर्यात प्रणालीत उघडी आहे. निर्यातीचे पैसे भारतात आणायची मुदत पूर्वी नऊ महिन्यांची होती, नोव्हेंबर 2025 मध्ये ती 15 महिने झाली. मुलाच्या नावावर दुबईत हिस्सा आला म्हणजे तुमच्या फर्मच्या खात्यात पैसे आले असं होत नाही. बिलं तशीच उघडी राहतील आणि पुढच्या हंगामात बँक तुमच्या मालाकडे संशयाने बघेल. शिवाय परदेशी कंपनीत हिस्सा घेणं ही 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांखालची बाब आहे. येणं हिश्श्यात फिरवायचं असेल तर आधी बँकेला विचारावं लागतं. दोन व्यापाऱ्यांनी चहावर बसून ठरवायची ही गोष्ट नाही.

आणि मुलगा. पार्टनर व्हिसा त्या कंपनीच्या लायसन्सला बांधलेला असतो. लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही, भाडेकरार संपला, भागीदार रुसला, की व्हिसाचं घोडं अडतं. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला 50 दिरहम दंड चढत जातो. त्याहून वाईट म्हणजे अशा कंपन्यांत नव्या भागीदाराला ‘मॅनेजर’ म्हणूनही नाव लावायचा आग्रह होतो. मग बँकेचे कागद, चेक, पुरवठादारांची पत्रं, सगळ्यांवर त्याची सही. तिथे 10,000 दिरहम किंवा जास्त देणं असेल आणि देणेकरी पळून जाईल अशी सबळ भीती असेल, तर धनको त्याला देश सोडायला बंदी मागू शकतो. तो आदेश कंपनीपुरता आहे की मॅनेजरलाही लागू, हे तिथल्या कोर्टात भांडत बसायची पाळी 24 वर्षांच्या पोरावर का आणायची? तुम्ही ज्या माणसाकडून पैसे मागताय त्याच्याकडे आणखी किती जण मागत असतील, याचा विचार केलात का? रोख नाही हे तो स्वतःच सांगतोय.

वसुलीवाल्याबद्दल दोनच वाक्यं. ‘माझी माणसं तिथे आहेत’ म्हणणाऱ्याला आगाऊ एक रुपया देऊ नका. दुबईत देणेकऱ्याच्या दुकानात जाऊन दमदाटी करणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याच्या तक्रारीत तुमचं नाव येईल.

आता नाशिकचा दावा. तुमच्या वकिलांचा सल्ला कायद्याने चूक नाही, पण तुमच्या कामाचा नाही. तुमच्या इनव्हॉइसच्या तळाशी ‘सब्जेक्ट टू नाशिक ज्युरिस्डिक्शन’ छापलेलं असणारच, आपल्याकडे प्रत्येक बिलबुकात ती ओळ असते. ती ओळ बघूनच सगळे नाशिकला धावतात. पण त्या माणसाची नाशिकमध्ये काय मालमत्ता आहे? बँक खातं दुबईत, गाळा दुबईत, माल विकून आलेला पैसाही दुबईतच. नाशिकला हुकूमनामा मिळवला तरी तो घेऊन शेवटी दुबईच्याच कोर्टात जावं लागेल. भारत आणि यूएई यांच्यात 1999 चा न्यायालयीन सहकार्याचा करार आहे, त्यामुळे दार बंद नाही. पण तिथे पुन्हा प्रश्न निघतात: समन्स नीट बजावलं होतं का, नाशिकच्या कोर्टाला अधिकार होता का. दोनदा लढायचं तर एकदाच योग्य जागी का लढू नये? (उलट बाजू सोपी आहे. जानेवारी 2020 पासून यूएईच्या कोर्टांचे निकाल भारतात थेट अंमलात आणता येतात. दुबईतून पळून भारतात आलेल्या देणेकऱ्यांना त्याचा चटका बसतो, तुम्हाला त्याचा उपयोग नाही.)

ती छापील ओळ तुम्हाला दुबईला जाण्यापासून अडवेल का, ही शंका मनात येईल. नाही. प्रतिवादी तिथे राहत असेल, तिथे धंदा करत असेल तर तिथली कोर्टं स्वतःचा अधिकार सोडत नाहीत, आणि तो अधिकार काढून घेणारे करार ती मानत नाहीत. अपवाद लवादाचा, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा करून घ्यायच्या कराराचा. तुमच्या कोणत्याही ऑर्डरमध्ये, ईमेलमध्ये ‘आर्बिट्रेशन’ हा शब्द नाही ना, ते मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा.

तर दुबई. आणि दुबईत तुमचं पारडं तुम्हाला वाटतं त्याहून जड आहे.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं ‘दो महीने में क्लिअर करता हूँ’ हे वाक्य 38 लाखांचं आहे. यूएईचा पुराव्याचा नवा कायदा इलेक्ट्रॉनिक मजकूर पुरावा म्हणून मानतो. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून तीन ठिकाणी ठेवा. तिथे ‘पेमेंट ऑर्डर’ नावाची एक झटपट वाट आहे. रक्कम ठरलेली असेल, देणं लेखी सिद्ध असेल आणि मुदत उलटली असेल तर आधी किमान पाच दिवसांची नोटीस देऊन थेट अर्ज करता येतो, न्यायाधीश कागदांवरून निर्णय देतो. साक्षी-पुरावे नाहीत, तारखांवर तारखा नाहीत. अर्ज नाकारला गेला किंवा त्याने वाद उभा केला तर प्रकरण नेहमीच्या दाव्याच्या वाटेला लागतं, आणि तिथे कोर्ट बहुधा एखादा तज्ज्ञ नेमून त्याच्याकडून अहवाल मागवतं.

तो वाद उभा करणार, हे गृहीत धरा. त्यासाठीच ती ‘मणी गळाले’ची ईमेल आहे. म्हणून आता कागद काढा. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा रेकॉर्डर टाकला होतात ना? त्याचा आलेख शिपिंग लाइनकडून आणि तुमच्या पॅकहाऊसकडून मिळवा. न्हावा शेवापासून दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत तापमान शून्याच्या आसपास सपाट असेल तर माल वाटेत खराब झाला हे म्हणणंच टिकत नाही. मालासोबतचं फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र, प्रीकूलिंगची नोंद, लोडिंगच्या वेळचे फोटो, तिन्ही कंटेनरच्या डिलिव्हरीच्या तारखा हे सगळं एका फाइलमध्ये हवं. मग त्याची तक्रार आलेली तारीख शेजारी लिहा. द्राक्षाचा माल उघडल्यावर दोन-तीन दिवसांत सर्व्हेअर बोलावतात, फोटोवर तारीख असते, पेट्या बाजूला ठेवतात. ह्याने सर्व्हे केला नाही, तीन आठवडे गप्प राहिला, माल विकला आणि मग देठ काळे पडले. बाजार पडला असेल, त्याचं नुकसानही खरं असेल. ते तुमच्या बिलातून कापून घ्यायचा हक्क त्याने मिळवलेला नाही. तुम्ही त्या ईमेलला उत्तर दिलं होतं का, हे पत्रात नाही. दिलं नसेल तर आजच द्या: तक्रार मान्य नाही, सर्व्हे अहवाल पाठवा, तापमानाचा आलेख सोबत जोडला आहे. मुद्देसूद, शिव्या न देता.

ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विमा कंपनीची पॉलिसी आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही आणि निफाडच्या पट्ट्यात निम्मे लोक ‘प्रीमियम फुकट जातो’ म्हणून ती काढत नाहीत. काढली असेल तर थकलेल्या रकमेची माहिती ठरलेल्या मुदतीत कळवलीत का ते लगेच पाहा. आणि एक मेख समजून घ्या. खरेदीदाराने मालाच्या दर्जाचा वाद काढला असेल तर ईसीजीसी दावा देत नाही. तुम्ही खरेदीदाराच्या देशातल्या कोर्टातून तुमच्या बाजूचा निकाल आणलात तरच देते. म्हणजे ती एक ईमेल तुमचं विमा कवचही बाजूला ठेवू शकते. दुबईचा निकाल हवाच, याचं हे आणखी एक कारण.

वकील कसा शोधायचा? दुबईत ‘लीगल कन्सल्टंट’ आणि कोर्टात उभं राहू शकणारा ‘अ‍ॅडव्होकेट’ हे दोन वेगळे परवाने आहेत. आपले मराठी, मल्याळी, गुजराती वकील तिथे बहुतेक सल्लागार असतात. काम उत्तम करतात, पण दुबईच्या मुख्य कोर्टात त्यांना बोलता येत नाही, तिथला कारभार अरबीत चालतो. दोघे एकाच कार्यालयात असतील तर बरं. परवाना दुबई सरकारच्या कायदेविषयक विभागाकडे तपासता येतो, आणि परवाना क्रमांक मागायला लाजू नका. फी टप्प्यांत ठरवा: नोटीस, पेमेंट ऑर्डर, दावा, अंमलबजावणी. कोर्ट फी वेगळी, ती रकमेच्या टक्केवारीने. भारतातल्या वकिलाने ‘वसुलीतला दहा टक्के हिस्सा माझा’ असं सुचवलं तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही, हे लक्षात ठेवा.

वकीलपत्राच्या कागदात बहुतेकांचे दोन महिने जातात. अपोस्टीलचा (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लावतात तो) स्टिकर लावून आणला की झालं, असं इथले एजंट सांगतात. यूएई अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. तिथे जुनी लांब साखळी लागते: इथली नोटरी, राज्य शासनाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग यूएईच्या वकिलातीचा, तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि शेवटी परवानाधारक भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. तुमची भागीदारी फर्म आहे, म्हणून भागीदारीचा दस्तऐवजही त्याच साखळीतून जावा लागेल, नाहीतर ‘सही करणाऱ्याला अधिकार कोणी दिला’ या प्रश्नावर प्रकरण अडेल. माझा कल असा: दस्तऐवजाचे शिक्के इथून करून घ्या आणि तुम्ही दोघांपैकी एकाने स्वतः दुबईला जाऊन तिथल्या नोटरीसमोर वकीलपत्र करा. विमानाचं तिकीट त्या साखळीपेक्षा फार महाग पडत नाही आणि वकिलाला समोरासमोर बघताही येतं. वकीलपत्रात एक गोष्ट मात्र आपणहून घालायला सांगा: तडजोड करणं आणि पैसे स्वीकारणं यांसाठी तुमची वेगळी लेखी परवानगी लागेल. छापील नमुन्यात हे दोन्ही अधिकार सरसकट दिलेले असतात.

एवढं सगळं वाचून वाटेल की कोर्टाशिवाय मार्गच नाही. मला उलट वाटतं. नोटीस गेली आणि वकिलाचा फोन गेला की असे बरेच व्यवहार टेबलावर येतात, कारण त्याला तिथेच धंदा करायचा आहे. तेव्हा तो हप्ते मागेल. हप्ते बांधून द्या, पण नुसत्या कागदावर नाही, चेकवर. पुढच्या तारखांचे, दिरहममधले, यूएईच्या बँकेवरचे, अधिकृत सहीचे चेक. जानेवारी 2022 पासून तिथे पैसे नाहीत म्हणून परत आलेला चेक हा स्वतःच अंमलबजावणीचा कागद आहे. दावा लावायची गरज नाही, बँकेचा शेरा घेऊन थेट अंमलबजावणी न्यायाधीशाकडे जाता येतं. खात्यात अर्धे पैसे असतील तर बँकेने अर्धे द्यायचे आणि उरलेल्याचा शेरा द्यायचा. पूर्वी चेक बाउन्स झाला की सरळ तुरुंग, ही भीती आता मोठ्या प्रमाणात गेली आहे, त्यामुळे ‘जेलमध्ये घालीन’ अशी धमकी देऊ नका, तो हसेल. सोबत तडजोडीच्या करारात मालकाची वैयक्तिक हमी घ्या. एलएलसीचं (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचं) देणं एलएलसीपुरतं असतं, उद्या तो लायसन्स बंद करून भावाच्या नावाने नवं काढेल.

त्या करारात आणखी एक कलम टाका: यापुढचा वाद डीआयएफसी कोर्टात चालेल, असं स्पष्ट नाव घेऊन. दुबईच्या आर्थिक केंद्राचं हे कोर्ट इंग्रजीत चालतं. दोन्ही बाजूंनी लेखी मान्य केलं तर बाहेरच्यांचेही वाद घेतं, आणि त्यांच्या छोट्या दाव्यांच्या विभागात 5 लाख दिरहमपर्यंतचे दावे वकील न लावता, व्हिडिओवर चालवता येतात. निफाडच्या ऑफिसात बसून. हे कलम मार्चच्या ऑर्डरमध्ये असतं तर हे पत्र लिहायची वेळ कदाचित आली नसती. पुढच्या हंगामाच्या प्रत्येक दुबईच्या ऑर्डरमध्ये घाला, ‘नाशिक ज्युरिस्डिक्शन’ खोडून. सिंगापूरच्या लवादाचं कलम कोणी सुचवेल. करोडोंच्या व्यवहाराला ते छान आहे, तीन कंटेनरच्या द्राक्षांना लवादाचा खर्चच खाऊन टाकेल. आणि टेलेक्स रिलीज पूर्ण पैसे आल्याशिवाय नाही. कागद बँकेतून गेले असते तर माल सोडवायला त्याला आधी बँकेत यावं लागलं असतं. चार हंगामांची ओळख हे तारण नसतं हो.

मुदतीबद्दल घाबरू नका, पण निवांतही बसू नका. यूएईत व्यापारी देण्याच्या दाव्याला साधारण पाच वर्षं मिळतात, आपल्याकडे तीन. खरी घाई बँकेची आहे. याच आठवड्यात बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन लेखी कळवा की पैसे थकलेत, वसुलीची कारवाई सुरू आहे, मुदतवाढ हवी. नोटिशीची प्रत जोडा. बँक स्वतःहून विचारेपर्यंत थांबलेल्या निर्यातदाराला आणि आधीच सांगितलेल्याला एकच वागणूक मिळत नाही.

मुलाच्या दुबईच्या ओढीबद्दल. ती ओढ वाईट नाही, आणि या उधारीशी तिचा संबंध जोडू नका. इंजिनिअरला तिथे नोकरी मिळते. कंपनीचं ऑफर लेटर आणि करार त्यांच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे नोंदलेला हवा, पदवीचं अटेस्टेशन आत्तापासून करून ठेवा, तीच वर सांगितलेली साखळी. ‘आधी व्हिजिटवर ये, काम सुरू कर, मग व्हिसा बदलू’ असं कोणी म्हणालं तर जाऊ देऊ नका. व्हिजिटवर काम करणं बेकायदा आहे आणि 2024 पासून असं काम देणाऱ्या मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड आहे, म्हणून सरळ मालक असं सुचवतच नाही. तसंच, 1 लाख दिरहममध्ये भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा ही जुलै 2025 ची बातमी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरली असेल. यूएईच्या संबंधित प्राधिकरणाने ती लगेच फेटाळली होती. ग्रुपवरून मात्र ती अजून गेलेली नाही.

व्यापाऱ्याला सध्या एवढंच लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर दोन्हीकडे: ‘आपला भागीदारीचा प्रस्ताव मिळाला. तो आम्हाला मान्य नाही. तीन इनव्हॉइसची बाकी 1,64,000 दिरहम फर्मच्या खात्यात जमा करावी. हप्त्यांचा प्रस्ताव असल्यास चेकसह कळवावा.’ खाली दोघा भावांची नावं. मुलाचं नाव नको, आणि फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी बोलणं काय झालं ते ईमेलने परत लिहून पाठवा.